कंपनीची पाती

जोतिरामकाका लग्नात ड्रोन उडवायचे. पायलच्या हळदीत त्या ड्रोनचं एक पातं तुटलं आणि तिचा गाल चिरत गेलं. “वाऱ्यापुढं कुणाचं काय चालतंय, पोरी?” म्हणत काकाच रडायला लागले. मग गालावर टाके घेऊन आलेल्या पायलनंच त्यांची समजूत घातली, भांडायला उठलेल्या भावालाही गप्प केलं.

आज काकांच्या लेकीची, दिपालीची हळद. पायल सासरहून, वळसंगहून मुद्दाम आली. मांडवामागं काका ड्रोनला नवी पाती बसवत होते.

“जुनी काय वाईट हुती, काका?”

“ती डुप्लिकेट गं. लोकांच्या लग्नात तीच लावतो, स्वस्तात पडत्यात.” मान वर न करताच काका म्हणाले, “आज कंपनीचीच पायजेत. खाली आपली माणसं हायती की.”