भरलेला हात

एरवी कोपरापर्यंत घसरणाऱ्या रेणुकाच्या बांगड्या आज उजव्या मनगटात रुतून बसल्या होत्या. तिच्या सासूनं, आसराबाईनं, तो हात हातात घेतला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा म्हातारी हसली. "अंग धरलंस गं पोरी! औषध लागू पडलं बघ."

रेणुकानं नुसती मान हलवली. कॅन्सरचं औषध सोडायची नळी त्याच बाजूला, गळ्याखालून शिरेत घातलेली होती. त्या बाजूचा हात सुजला तर शिरेत रक्ताची गाठ झाली समजायचं, त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, असं नर्सबाईनं बजावलं होतं. पण पुन्हा ती एसटी, ती रांग, त्या सुया! आजचा दिवस म्हातारीला हसू द्यावं अन् आपणही भिंतीला टेकून पडावं, एवढंच तिच्या शिणल्या जिवाला वाटलं. डावा हात तिनं पदराखाली सारला.

आसराबाई मीठ-मोहरी घेऊन आली. "नजर काढते. दोन्ही हात पुढं कर."

"राहू द्या ना, आत्याबाई."

"एका हाताची नजर काढत्यात व्हय, येडे?" म्हणत तिनंच पदर बाजूला केला. डावा हात काडीसारखा वाळलेलाच होता.

मिठाची मूठ जागच्या जागी थांबली.

"नर्सबाईनं मलाबी सांगितलं व्हतं गं," ती हळूच म्हणाली. "भरल्याला हात बघितला अन् इसरले. ऊठ जल्दी, चारची गाडी हाय अजून."

आणि जमिनीवर बसून तिनं सुनेच्या पायात चप्पल घातली.