मागची शेड

ग्लासातल्या पाण्यात पांढरा धागा उतरला. कापलेल्या खोडातून दुधासारखं काहीतरी निथळत सरळ तळाशी जात होतं. तिने दुसरं खोड कापलं, दुसऱ्या ग्लासात धरलं. पुन्हा तेच.

"मर रोग आहे, दादा," ती भावाला म्हणाली. "जिवाणूचा. यावर औषध नाही."

दादा खताच्या गोणीवर बसला होता. रोपवाटिका दोघं मिळून चालवत, पण बातमी वाईट असली की बसायची जागा त्याला आधी लागायची.

"एकही वाचणार नाही?"

"पुढच्या दोन शेडमधलं एकही नाही. मागची शेड ठीक आहे."

रोपं वांग्याची होती. बाबांच्या वांग्याची. आयुष्यभर निवडून निवडून त्यांनी ते वाण तयार केलं होतं. जुनं बी उगवेनासं झालं, म्हणून उरलंसुरलं सगळं यंदा पेरलं. ही रोपं गेली की ते वांगं जगातून गेलं. मागच्या शेडमध्ये बियांसाठी ठेवलेली थोडी झाडं तेवढी शिल्लक होती.

पुढच्या दोन्ही शेडची माती दादाने हौसेने वाफवली होती. किडे, बुरशी, सगळ्यांचा एकदाच निकाल! निकाल लागला खरा, पण मातीतल्या मित्रांचाही लागला. मुळांना धरून राहणारी, परक्याला हुसकून लावणारी मित्रबुरशी शिजून मेली. रिकाम्या घरात जो आधी शिरला त्याने बस्तान मांडलं. मागच्या शेडपर्यंत वाफेचं यंत्र पोचलंच नाही, म्हणून तिथली माती जिवंत राहिली. ती झाडं त्या मातीनेच वाचवली, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

पण जिवाणू आत आणला कुणी?

ते तिला कालच कळलं होतं. रोग ओळीने चालत होता. दारापासून डावी रांग, भिंतीला वळसा, मग उजवी रांग. पाणी असं जात नाही, वारा असा जात नाही. असे फक्त बाबा जातात.

आई गेल्यापासून बाबांना दुसरा उद्योग नव्हता. सकाळी उठायचं आणि एकेका पिशवीत बोट खुपसून ओल बघायची. "काय गं, झोप लागली का?" असं रोपाला विचारायचं, आणि नको असलेला फुटवा नखाने खुडायचा. मग तेच नख पुढच्या रोपाला. मुळाशी मित्रांचा कितीही पहारा असू दे, नखाने उघडलेल्या दारातून आत शिरणाऱ्याला कोण अडवणार? तिने एकदा हातमोजे आणून दिले होते. "मोजे घालून कुणी लेकरांना भरवतं का?" म्हणत त्यांनी ते खुंटीला टांगले.

"सांगून टाक त्यांना," दादा म्हणाला.

"काय सांगू? तुमचं वांगं तुम्हीच मारलंत?"

दादाने विचारलं, "मागच्या शेडचं काय?"

"तिकडे ते जातच नाहीत. पायऱ्या चढवत नाहीत म्हणतात, गुडघे धरलेत. गेले कितीतरी दिवस फिरकले नाहीत."

"मग नको सांगूस. जे जायचं ते गेलंय. माझ्यावर ढकल. नाहीतरी वाफेचा उपद्व्याप माझाच."

तिला रडू आलं. या भावाशी ती लहानपणापासून भांडत आली होती.

बाबा पुढच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसले होते. समोर माना टाकलेली रोपं. हात मांडीखाली दाबून धरलेले. ती जवळ गेली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशाने झालं, कळलं का?"

"दादाने माती वाफवली ना, त्याने. चांगले जंतूही मेले. मग रोगाला रान मोकळं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"खरं सांग पोरी. कुणाच्या हाताने बिताने आलं नाही ना?"

"नाही हो बाबा. हाताचा काय संबंध?"

बाबांनी मोठा श्वास सोडला. "गाढव आहे तुझा भाऊ," ते म्हणाले, आणि चक्क हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा हसले. त्या संध्याकाळी जेवलेही पोटभर. दादाला नीट शिव्या घातल्या. दादाने त्या मान खाली घालून खाल्ल्या, आणि ताटावरून उठताना बहिणीला हळूच डोळा मारला.

सकाळी तिने पुढच्या दोन्ही शेडमधली रोपं उपटायला घेतली. बाबांनी सगळ्यांच्या आधी उठून तिथली फेरी नेहमीसारखी मारलेली दिसत होती. मेल्या रोपांच्याही पिशव्यांत बोटाची खळी होती. पण बाबा कुठेच नव्हते.

तिने मागे पाहिलं. मागच्या शेडचं दार उघडं होतं.

ती धावली. बाबा शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या झाडापाशी वाकले होते. वाटेत जागोजाग कोवळे फुटवे खुडून पडले होते. बाबांची नखं हिरवीगार होती आणि चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही गं," ते म्हणाले. "माझ्याच हाताने मरतायत असं वाटायचं, म्हणून इकडे पाऊल टाकत नव्हतो. काल तू सांगितलंस, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."