बारीक डोळे

जपानी कार्टूनवरून सिनेमा निघाला आणि त्यातल्या जपानी पोरीचं काम मिळालं सोनेरी केसांच्या एका गोऱ्या नटीला. झालं! लोकांनी तिला असं काही धारेवर धरलं की मेकअपच्या खुर्चीत बसूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एक हात फोनवर, एक पाय सारखा हलतोय.

"हलू नका हो, पट्टी सुटेल," मेकअपवाल्या ताई म्हणाल्या. नटीच्या पापण्यांवर पट्ट्या चिकटवून तिचे डोळे बारीक करायचं काम त्यांच्याकडे होतं.

"ताई, मी काय कुणाच्या तोंडचा घास पळवलाय का?"

ताईंनी पट्टी बोटाने दाबून बसवली. एक डोळा पुरा झाला. नटीने आरशात पाहिलं. आरशाच्या कडेला खोचलेल्या जुन्या फोटोतल्या जपानी मुलीचाच डोळा जणू! ताई रोज तो फोटो समोर ठेवूनच काम करायच्या.

"कोण ही? हिलाच घ्यायचं ना सिनेमात, माझ्यामागची कटकट तरी टळली असती!"

"ऐन विशीत आली होती ती काम मागायला. डोळे बारीक म्हणून कुणी दारात उभं केलं नाही."

"मग?"

"मग ऑपरेशन करून डोळे मोठे करून घेतले तिनं."

"आणि मिळालं काम?"

ताईंचे टपोरे डोळे आरशात तिच्यावर क्षणभर थांबले. मग त्यांनी दुसरी पट्टी उचलली.

"मिळालं की. तेच तर करतेय. मिटा डोळे."