नुसता रंग

बाईंनी पर्समधून एक गोळी काढून तळहातावर घेतली. सरबतवाला पाण्याचा ग्लास पुढे करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पाणी कशाला? तुझ्या काळ्या सरबताबरोबरच घेते. रोज तशीच घेते."

त्याचा हात थांबला. "कसली गोळी, बाई?"

"फिटची. वीस वर्षं चालू आहे. इतके दिवस काही त्रास नव्हता, पण गेल्या महिन्यात दोनदा पडले." त्यांच्या हनुवटीवर तीन टाके होते.

बाईंनी त्याला सातवीत गणितात दोनदा नापास केलं होतं. आता त्या निवृत्त होत्या, एकट्या राहत होत्या, आणि तो नाक्यावर सरबत विकत होता. दीडेक महिन्यापूर्वी त्याने लिंबाच्या सरबतात खायच्या कोळशाची पूड घालायला सुरुवात केली. वर पाटी लावली, 'शरीरातली घाण बाहेर काढा'. आणि रांगा लागल्या.

त्याची बहीण इस्पितळात नर्स होती. मागच्याच रविवारी ती जेवताना म्हणाली होती, "कोणी विष घेतलं की आम्ही हीच पूड पाजतो. पोटात सापडेल ते धरून ठेवते. विष कोणतं नि औषध कोणतं, हे तिला कळत नाही." त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता हसू आलं नाही. पण बाईंच्या मागे सहा-सात माणसं उभी होती.

"पूड संपलीय, बाई. आज साधं घ्या," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने पुडीचा डबा कचऱ्यात रिकामा केला. दुसऱ्या दिवशी केकच्या सामानाच्या दुकानातून काळा खायचा रंग आणला. चव तीच, रंग तोच. गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही. बाईंना एकदा निवांत सांगू, असं तो आठवडाभर मनाशी म्हणत राहिला. मग म्हणायचंही सोडून दिलं.

दोन महिन्यांत बाईंना एकही फिट आली नाही. टाके भरून आले, चेहऱ्यावर तकाकी आली. त्यालाही बरं वाटलं. कुणाचं वाईट तर झालं नव्हतं.

एका सकाळी बाई चार मैत्रिणींना घेऊन आल्या. "पाच ग्लास दे," म्हणाल्या, आणि मैत्रिणींकडे वळल्या. "औषधांनी जमलं नाही, ते याच्या सरबताने हळूहळू केलं. परवापासून मी गोळ्या बंद केल्यात."

दोन ग्लास देऊन झाले होते. सरबतवाल्याने भरलेला तिसरा खाली ठेवला.

"बाई, यात कोळसा नाही."

"म्हणजे?"

"दोन महिने नुसता रंग घालतोय. कोळसा तुमची गोळी पोटातच अडवत होता, म्हणून तुम्ही पडत होतात. तो काढला, तशी गोळी लागू पडली. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा."

मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने उष्टा ग्लास तसाच परत ठेवला. रांगेतला एक माणूस पैसे परत मागू लागला. सरबतवाल्याने ते देऊन टाकले.

बाईंनी तिथेच उभं राहून फोन लावला. बराच वेळ ऐकत होत्या. "हो, लगेच येते," एवढंच म्हणाल्या. तोवर मैत्रिणी निघून गेल्या होत्या आणि रांगही मोडली होती.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

तो काउंटर पुसत राहिला. "तुम्ही यायचं बंद केलं असतं, बाई."

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"कोळशाच्या आधी तुझ्याकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा रोज कोण येत होतं रे?"