शर्वीची फांदी

शर्वी जन्मली तेव्हा इस्पितळातून दोघी घरी आल्या होत्या: ती आणि प्रवाळाची बोटभर फांदी. समुद्रातलं प्रवाळ संपल्यापासून प्रत्येक बाळासोबत अशी फांदी मिळायची. ती घरच्या टाकीत वाढवायची आणि मूल चालू लागलं की समुद्राला परत द्यायची.

शर्वी चालू लागली, आणि नेमकी तिची फांदी पांढरी पडू लागली.

शर्वीची आई केतकी टाकीसमोर फतकल मारून बसली. मासे मजेत होते, पाण्याचा खारटपणा ठीक होता. मेल्या होत्या त्या फक्त गोगलगायी. लेकीचा ताप ओळखावा तसं तिला काहीतरी उमगलं.

"नाना, टाकीत पाण्याची भर तुम्हीच घालता ना?"

"मीच," सासरे ऐटीत म्हणाले. "तेही रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं. नातीच्या प्रवाळाला काय नळाचं पाजू?"

"अहो नाना, तांबं आपल्याला चालतं, थोडंफार माशांनाही. गोगलगायींना नि प्रवाळाला ते विष!"

नानांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारलं म्हण की."

"मेलंय कुठे? कारण सापडलं ना, आता बघाच तुम्ही."

तिने टाकीतलं बरंचसं पाणी बदललं, गाळणीत कोळसा भरला. हळूहळू फांदीवर तपकिरी रंग चढला आणि तिच्यावरच्या प्रवाळजीवांची इवली तोंडं पुन्हा उघडली.

मालवणला होडीतून फांदी समुद्रात सोडली, तेव्हा नानांनी अर्घ्य दिलं. जन्मभर तांब्याच्या पंचपात्रीने देत आलेल्या नानांच्या हातात त्या दिवशी शर्वीचा आंघोळीचा प्लॅस्टिकचा मग होता.