पडद्याआडचा हुंदका

"परत रडलास," असं म्हणत ओत्ताव्हियो ब्रांकातीने पियानोचं झाकण लावून टाकलं.

"रडलो नाही, मास्तर. गळ्यातून आपोआप येतं ते."

"आपोआप उचकी येते. हे इटालियन गाणं आहे, तुझ्या बापाच्या ताफ्यातलं नव्हे. नऊ वर्षं कानीकपाळी ओरडतोय, पण वरच्या सुरावर गेलास की आलाच तुझा हुंदका. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय."

एलिसेओने गाण्याचे कागद गोळा केले. जन्म शिकागोतला, पण घर पक्कं मेक्सिकन. बाप मारियाचीचा, म्हणजे मेक्सिकन लोकगीतांचा, ताफा घेऊन लग्नांतून गात फिरायचा आणि पोराचा गळाही त्याच ताफ्यात तयार झालेला. ऑपेराचं वेड मात्र त्याचं स्वतःचं. शहरातल्या ऑपेरा कंपनीची चार वेळा चाचणी दिली, चारही वेळा हात हलवत परत आला. पस्तिशीनंतर तिथे कुणाला घेत नसत आणि त्याची पस्तिशी आता दारात उभी होती.

"यंदा नाही जमलं तर बाबांच्या ताफ्यात कायमचा," तो कोट चढवत म्हणाला. "तिथे रडेन पोटभर."

त्यानंतर तो शिकवणीला फिरकलाच नाही. फोनही उचलेना. ओत्ताव्हियो आधी त्याच्यावर चिडला, मग स्वतःवर. स्वतः ओत्ताव्हियोची उमेदीची वर्षं नोकराच्या आणि निरोप्याच्या भूमिका गाण्यात गेली होती. निदान हा पोरगा तरी पुढे उभा राहावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती, आणि तीही आपल्याच जिभेने घालवली असं त्याला वाटत होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी एक परीक्षक आजारी पडले आणि ऑपेरावाल्यांनी ओत्ताव्हियोला बोलावलं.

"माझा विद्यार्थी गाणार आहे," त्याने सांगून पाहिलं.

"म्हणून तर पडदा आहे," मुख्य परीक्षक हास्केलबाई म्हणाल्या.

काळा, जाड पडदा. निम्मा आवाज तोच गिळायचा. बुटांवरूनही माणूस कळू नये म्हणून खाली गालिचा. बोलायचं नाही, नाव नाही, नुसता नंबर. गाणं सगळ्यांना एकच.

चार नंबर वरच्या सुरावर गेला आणि हुंदका आला.

ओत्ताव्हियोचं पेन थांबलं. गाढव कुठला. शेवटच्या दिवशीही ऐकलं नाही याने. क्षणभर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याच्या लक्षात आलं की आपलेच डोळे भरून आलेत. जे नऊ वर्षं डागासारखं घासत होतो, त्यातच याचं सगळं गाणं होतं. आपल्याला कान असून काय उपयोग झाला, असं त्याला वाटलं.

सहा नंबर अगदी स्वच्छ गायला. बोट ठेवायला जागा नाही. ओत्ताव्हियोने ते नीट ऐकलंसुद्धा नाही.

"सहा," हास्केलबाई म्हणाल्या. "चार फार रडवा."

"चार," तिसरे परीक्षक प्रुइट म्हणाले. "माझ्या अंगावर काटा आला, बाई."

दोघांनी ओत्ताव्हियोकडे पाहिलं. आवाज ओळखल्यावर खरं तर त्याने उठून जायला हवं होतं. ते त्याला कळत होतं, पण तो उठला नाही.

"चार," तो म्हणाला. "हुंदका असू दे त्याचा. तो काढला तर मागे काय उरणार?"

नंबर पुकारून पडदा सरकवला. चार नंबर पुढे आला. गेल्याच महिन्यात नेपल्सहून आलेला एक गोल गरगरीत माणूस. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानले.

ओत्ताव्हियो समोरच्या कागदावरचा चारचा आकडा पुन्हा वाचू लागला.

मागच्या रांगेतून एलिसेओ त्याच्याकडे आला. गालफडं बसलेली, डोळे जागरणाने लाल, पण हसायचा प्रयत्न करत होता.

"सहावा मी होतो, मास्तर," तो म्हणाला. "एवढे दिवस तेवढंच घासत होतो. खरं सांगा, एक तरी हुंदका ऐकू आला?"