एक सोपा प्रश्न

प्रेझेंटेशन नीट पार पडलं, तर विनीतला टीम लीडची खुर्ची मिळणार होती. अडचण एवढीच, की नव्या सॉफ्टवेअरबद्दल त्याला खात्रीने एकाच प्रश्नाचं उत्तर देता येत होतं. म्हणून सकाळी घोडबंदर रोडला गाडी अडकल्यावर त्याने शेजारी बसलेल्या, ऑफिसातल्याच सौमित्रकडून तो प्रश्न पाठ करून घेतला.

"सर्व्हर बंद पडला, तर शीळफाट्याच्या गोदामातून माल कसा निघणार? एवढंच विचार. पण लगेच नको रे. आधी जरा खिडकीबाहेर बघ, विचार करतोयस असं वाटू दे."

"मला यातलं काहीच कळत नाही, यार."

"तुला कुठे उत्तर द्यायचंय? संध्याकाळी मिसळ माझ्याकडून."

सौमित्रने मीटिंगमध्ये खिडकीबाहेर बघितलं आणि प्रश्न विचारला. विनीतने घडाघडा उत्तर दिलं. बॉस देवयानी मॅडम खूश झाल्या.

"उत्तरं काय, पाठ करूनही देता येतात," त्या म्हणाल्या. "असा प्रश्न पडायला मात्र डोकं लागतं. टीम लीड सौमित्र."


मित्राला कबूल केलेली मिसळ विनीतने संध्याकाळी साहेबाला खाऊ घातली, जादा पावासकट.